वेठ नव्हे, सेवा : सुभेदारपुत्र बाबासाहेब आणि देशाचे संरक्षण



विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा परमपूज्य बाबासाहेबांवर एक लेख असतोच. महाडचे चवदार तळे, नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह, पुणे करार, संविधान, नागपूरची धम्मदीक्षा हे सगळे आपल्या घरातल्या लहान पोरांनाही तोंडपाठ आहे. पण बाबासाहेबांच्या आयुष्यात एक धागा असा आहे की जो जन्मापासून अखेरपर्यंत चालत आला, आणि तरी आपल्या बोलण्यात तो फारसा येत नाही. तो धागा सैन्याचा आहे. देशाचे रक्षण कोणी करायचे, त्याचा हुकूम कोणी द्यायचा, आणि हुकूम चुकला तर जाब कोणाला विचारायचा, या तीन प्रश्नांचा बाबासाहेबांनी आयुष्यभर पाठलाग केला. नवी पेठेतल्या आपल्या कुटुंबांसाठी ती हकीकत इथे थोडक्यात सांगायची आहे.

छावणीतले घर

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला. महू म्हणजे लष्कराची छावणी. आजोबा मालोजी सकपाळ फौजेत होते. वडील रामजी सकपाळ सुभेदाराच्या हुद्द्याला चढले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घराण्यातली. तिचे वडील आणि सहा चुलते असे सातही जण सुभेदार-मेजर. म्हणजे ज्या घरात भीमराव जन्मले ते घर दोन्ही बाजूंनी शिपायांचे घर होते.

या गोष्टीचे महत्त्व काय, ते समजून घेतले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलाबाळांना शिकवण्याची सोय होती. मुलींनासुद्धा शाळा होती. गावात ज्याला पाटीला हात लावू देत नव्हते, तो माणूस पलटणीत गेला की लिहायला-वाचायला शिकत होता. रामजी सुभेदारांनी पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत ते चौदा वर्षे हेडमास्तर होते. भीमरावांच्या हातात पुस्तक आले ते या वाटेने. सैन्याने आपल्या समाजाला भाकर दिली, पण भाकरीपेक्षा मोठी गोष्ट दिली ती अक्षराची. दुसरी गोष्ट दिली ती ताठ मानेची. कवायतीच्या मैदानावर हुद्दा पाहून सलाम होतो, तिथे जात पाहून होत नाही.

दार बंद झाले

पण भीमराव पाळण्यात होते तेव्हाच हे दार लागले. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. काही जाती जन्मतः लढवय्या आणि काही नाहीत, असे खूळ त्या वेळच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी धरले होते. ज्या लोकांच्या शिपायांची नावे १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावच्या जयस्तंभावर याच सरकारने कोरली, त्याच लोकांना पाऊणशे वर्षांनी तुम्ही लढायच्या लायकीचे नाही असे सांगण्यात आले. गरज होती तेव्हा शूर, गरज सरली तेव्हा अस्पृश्य.

या अन्यायाविरुद्ध पहिली दाद मागितली ती पेन्शनर शिपायांनीच. कोकणातले निवृत्त लष्करी गृहस्थ गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये सैन्यभरतीसाठी अर्ज तयार केला. रामजी सुभेदारांनीही या कामी धडपड केली आणि न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. पुढे १९१० मध्ये पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी थेट विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला. अर्जांवर अर्ज झाले, पण दार काही उघडले नाही.

फौजेतून घरी आलेल्या माणसाचे काय होत होते? छावणीत ज्याला सुभेदारसाहेब म्हणत, तो पेन्शन घेऊन गावी आला की पुन्हा महारवाड्यातच. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली १९०१ सालची हकीकत आपल्याला ठाऊक आहे. वडिलांना भेटायला मुले मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, इस्त्री केलेले. पण जात कळल्यावर गाडीवान बैलगाडी द्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्रभर पोरांना पाण्याचा थेंब मिळाला नाही. ही मुले कोणाची? ज्याने आपली उमेदीची सगळी वर्षे सरकारच्या फौजेत घातली, त्या सुभेदाराची. देशाची सेवा केली म्हणून देश आपला होतोच असे नाही, हा धडा भीमरावांना दहाव्या वर्षी मिळाला.

बडोद्याचे लेफ्टनंट

बाबासाहेब स्वतः लष्करी सेवेत होते, हे पुष्कळांना माहीत नसते. बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले आणि संस्थानच्या फौजेत त्यांना लेफ्टनंट नेमण्यात आले. पण थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले.

१९१७ मध्ये करारानुसार ते पुन्हा बडोद्याला आले. महाराजांनी त्यांना मिलिटरी सेक्रेटरी नेमले. केवढे मोठे पद! संस्थानच्या लष्करी कारभाराचे कागद या माणसाच्या हाताखालून जायचे. पण कचेरीतला शिपाई फाईल दुरून टेबलावर टाकत होता. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. अकरा दिवसांत बडोदा सोडावे लागले. विद्या आली, हुद्दा आला, पण समाजाने अंगावरची जात काही काढू दिली नाही.

त्याच वर्षी आणखी एक घटना घडली. पहिले महायुद्ध चालू होते, इंग्रजांना माणसे कमी पडत होती. तेव्हा महार पुन्हा आठवले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, आणि १९२१ पर्यंत ती मोडूनही टाकली. गरज असली की बोलवायचे, गरज संपली की घालवायचे. गावात पाटलाच्या वाड्यावर महाराला जसे बोलवत आणि घालवत, तसेच हे झाले. त्याला आपण वेठ म्हणतो. बाबासाहेबांना नेमकी हीच गोष्ट बदलायची होती.

हक्क म्हणून भरती

परत आल्यावर बाबासाहेबांनी जे काम उभे केले त्यात आपल्या सोलापूरचा वाटा आहे, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. बहिष्कृत हितकारिणी सभेचे विद्यार्थी वसतिगृह ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरात सुरू झाले. वडिलांच्या पिढीला पलटणीच्या शाळेने जे दिले, ते आता समाजाने आपल्या पोरांना आपल्या हिमतीवर द्यायचे होते. पुढे १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभाला गेले आणि शिपाईगिरीचा इतिहास समाजाला पुन्हा दाखवून दिला.

१९३० साल उजाडले. त्या वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला. लष्कर देशाचे रक्षण करते हे खरे, पण तेच लष्कर जनतेला जबाबदार नसलेल्या सरकारच्या हाती असले की काय होते, ते या शहराने पाहिले. मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी दिले गेले.

त्याच हिवाळ्यात बाबासाहेब लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत बसले होते. तिथे संरक्षणाचा विचार करणारी एक उपसमिती होती. फौजेत हिंदी अधिकारी किती असावेत, यावर मोठमोठे लोक बोलत होते. हिंदी अधिकारी म्हणजे कोणाची मुले? अर्थात बड्या घरची. साध्या शिपायाची भरती कोणासाठी उघडी आणि कोणासाठी बंद, हे विचारायला कोणी नव्हते. बाबासाहेबांनी ते विचारले. पात्रता आणि कार्यक्षमता पाहून सैन्याची भरती अस्पृश्यांसह सर्व भारतीयांना खुली करावी, अशी त्यांची मागणी होती. लायकी बघा, पण जात बघू नका, एवढीच ती गोष्ट. यात दयेचा अर्ज कुठे नव्हता. वडिलांच्या पिढीने विनंती केली होती, मुलाने हक्क मागितला.

जानेवारी १९३८ मध्ये सोलापूर नगरपालिकेने बाबासाहेबांना मानपत्र दिले. तेव्हा ते मुंबई कायदेमंडळात स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते होते.

सैन्य कोणाचे?

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले. १९४० च्या अखेरीस बाबासाहेबांचा ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ निघाला. फाळणीवरचा ग्रंथ म्हणून त्याचे नाव आहे, पण त्यात देशाच्या संरक्षणाची जी चर्चा आहे ती फार थोड्यांनी नीट वाचली. सरहद्द, साधनसंपत्ती आणि सैन्य अशा तिन्ही अंगांनी त्यांनी हिशोब मांडला. फौजेत कोणत्या प्रांताचे आणि कोणत्या समाजाचे किती शिपाई आहेत, हा प्रश्न मध्यवर्ती कायदेमंडळात विचारला गेला असता सरकारने उत्तर द्यायचे टाळले, ही गोष्ट त्यांनी नोंदवून ठेवली. कर भरायचा साऱ्या देशाने, आणि फौज कोणाची बनली आहे हे विचारायचेही नाही? त्यांचे म्हणणे असे होते की डोंगरदऱ्यांची पक्की सीमा असण्यापेक्षा विश्वासाचे सैन्य असणे देशाला जास्त मोलाचे. आणि सैन्य विश्वासाचे तेव्हाच होते जेव्हा देशातल्या सर्व लोकांना ते आपले वाटते.

जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयने राष्ट्रीय संरक्षण मंडळ नेमले. त्यात संस्थानिक होते, बडे जमीनदार होते, प्रांतांचे पुढारी होते. त्यांच्याबरोबर सुभेदाराचा मुलगाही बसला. पण त्याच वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचा विस्तार झाला आणि त्यात अस्पृश्यांचा एकही प्रतिनिधी घेतला नाही, तेव्हा बाबासाहेबांनी विलायतेला तार करून निषेध केला. पुढे ऑगस्टमध्ये सिन्नरला परिषद घेऊन महार वतनांवर सरकारने लादलेल्या वाढीव साऱ्याविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. हे नीट लक्षात घ्या. हिटलर आणि जपान यांच्याविरुद्धच्या युद्धात त्यांनी सरकारला साथ दिली, पण तोंडाला कुलूप लावून नाही दिली. एका हाताने सेवा करायची आणि दुसऱ्या हाताने हिशोब मागायचा, अशी त्यांची रीत होती.

महारांची स्वतंत्र पलटण उभी करावी म्हणून त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला, आणि पलटणीत भरती व्हा म्हणून समाजाला आवाहनही केले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला पहिली महार बटालियन उभी राहिली. १९४२ मध्ये कामठीला दुसरी झाली. १८९२ च्या सुमारास लागलेले दार पन्नास वर्षांनी उघडले. रामजी सुभेदार ते पाहायला नव्हते, पण उघडणारा हात त्यांच्याच पोराचा होता.

युद्धाच्या मागची आघाडी

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. आता कोणी म्हणेल, मजूर खात्याचा आणि संरक्षणाचा काय संबंध? सोलापूरच्या गिरणगावातल्या माणसाला हे सांगायला नको. युद्ध बंदुकीने जिंकतात, पण बंदूक कारखान्यात होते. फिटर, टर्नर, वेल्डर पाहिजेत, वीज पाहिजे, कोळसा पाहिजे. बाबासाहेबांच्या खात्याकडे तांत्रिक शिक्षणाची योजना होती आणि हजारो तरुण त्यातून कारागीर झाले. काही निवडक कामगारांना बेव्हिन योजनेखाली इंग्लंडला पाठवून शिकवून आणले. पाणी आणि वीज यांच्या मोठ्या योजनांचा पाया याच खात्यात घातला गेला. दामोदर खोऱ्याची योजना त्यातलीच.

युद्ध संपल्यावर लाखो शिपाई घरी येणार होते. १९२१ मध्ये पलटण मोडून जसे वाऱ्यावर सोडले तसे पुन्हा होऊ नये, म्हणून १९४५ मध्ये मजूर खात्यात पुनर्वसन आणि रोजगाराचे स्वतंत्र संचालनालय निघाले आणि सेवायोजन कार्यालयांचे जाळे उभे राहिले. पुढे आपली पोरे दहावी-बारावी झाली की नाव नोंदवायला ज्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये रांग लावायची, त्याचे मूळ इथे आहे. कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६ ची. जो राबतो त्याला माणसासारखे वागवा, मगच त्याच्याकडून देशासाठी घाम मागा, हा विचार या सगळ्या कामाच्या मागे होता.

सक्तीची सेवा आणि वेठबिगार

१९४७ मध्ये स्वातंत्र्य आले आणि फाळणीही आली. पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना तिकडचे सरकार भारतात येऊ देईना. का? तर झाडलोट करणारे लोक अत्यावश्यक सेवेत मोडतात म्हणून. डिसेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून याची दाद मागितली. देशाची सेवा या गोड नावाखाली माणसाला कसे जखडून ठेवता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडायचे नाही.

संविधानाच्या तेविसाव्या कलमाकडे या नजरेने बघा. पहिल्या भागात माणसांचा व्यापार, वेठबिगार आणि जबरीने काम करून घेणे यांवर बंदी आहे. आपल्या बापजाद्यांनी केलेली तराळकी, येसकरकी, रात्री-अपरात्री दुसऱ्या गावाला टपाल आणि सामान पोचवण्याची वेठ त्या एका वाक्याने गुन्हा ठरली. दुसऱ्या भागात म्हटले आहे की सार्वजनिक कामासाठी राज्याला सक्तीची सेवा लावता येईल, मात्र तसे करताना धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेद करता येणार नाही. म्हणजे उद्या देशावर वेळ आली आणि सरकारने तरुणांना बोलावले, तर मंत्र्याच्या मुलाला आणि हमालाच्या मुलाला एकच हुकूम. वेठ आणि सेवा यांतला फरक संविधानाने असा दोन ओळींत सांगितला. एकाच्याच पाठीवर टाकलेले ओझे ही वेठ. सगळ्यांनी मिळून उचलले तर ती सेवा.

अठरावे कलमही पाहण्यासारखे आहे. रावबहादूर, सर, राजे अशा किताबांना संविधानाने रजा दिली. राज्याने कोणालाही किताब देऊ नये, फक्त लष्करी आणि विद्येची पदवी चालेल. सुभेदाराच्या आणि विद्वानाच्या हुद्द्याला मान राहिला, जन्माने मिळालेल्या बडेजावाला राहिला नाही. सैन्याचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, पण ते कायद्याने चालायचे. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार. म्हणजे हुकूम देणारा माणूस अखेर मतदाराला उत्तर द्यायला बांधलेला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी देश पूर्वी स्वातंत्र्याला कसा मुकला ते सांगितले. सिंधच्या दाहीर राजाचे सेनापती शत्रूच्या हस्तकांकडून लाच घेऊन लढायला तयार झाले नाहीत. जयचंदाने पृथ्वीराजाविरुद्ध परक्याला बोलावले. शिवाजी महाराज स्वराज्यासाठी झगडत असताना इतर मराठे सरदार मोगलांच्या बाजूने लढत होते. ही यादी नीट वाचा. यात एकही साधा शिपाई नाही, एकही शेतकरी नाही. सगळे राजे, सरदार, सेनापती. देश बुडवला तो वरच्यांनी. आणि म्हणूनच त्यांनी त्याच भाषणात बजावले की राजकारणात कोणा थोर माणसाची भक्ती करू नका, ती वाट हुकूमशाहीकडे जाते.

मंत्रिपदावर असूनही हिशोब

हे दुसऱ्याला सांगणे सोपे. बाबासाहेबांनी ते स्वतःच्या मंत्रिमंडळात करून दाखवले. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू कोड बिल हे त्याचे कारण आपल्याला माहीत आहे, पण राजीनाम्याच्या निवेदनात आणखीही कारणे होती. संसदेत ते वाचण्यावरून वाद झाला तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते त्यांनी वृत्तपत्रांना दिले. त्यात त्यांनी साधा हिशोब मांडला. देशाचे वर्षाचे उत्पन्न ३५० कोटी रुपये, त्यातले १८० कोटी सैन्यावर जातात. निम्म्याहून जास्त. का? तर परराष्ट्र धोरण असे चालले आहे की वेळेला धावून येईल असा मित्र उरलेला नाही. सैन्य नको असे सुभेदाराचा मुलगा कसा म्हणेल? त्यांचा मुद्दा असा की वरच्यांचे धोरण चुकते, त्याची किंमत गरिबाच्या पोटातून आणि शिपायाच्या रक्तातून भरली जाते. परराष्ट्र आणि संरक्षणाच्या मंत्रिमंडळ समित्यांत आपल्याला कधी घेतलेच नाही, ही तक्रारही त्यांनी उघडपणे लिहिली.

२६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत ते चीनबद्दल बोलले. तेव्हा पंचशीलाचे कौतुक जोरात होते. बाबासाहेब बौद्ध धम्माकडे निघालेले होते, तरी पंचशील हे नाव घेतले म्हणून चीनचे राजकारण शीलवान होत नाही, हे ते ओळखून होते. ल्हासा चीनच्या ताब्यात जाऊ दिल्याने चीनची सीमा आपल्या सीमेला येऊन भिडली, असा त्यांचा इशारा होता. १९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला. दिल्ली ही एकच राजधानी शेजारी देशांच्या विमानांच्या टप्प्यात आहे, तेव्हा दुसरी राजधानी दक्षिणेत हैदराबादला करावी. आपल्या सोलापूरहून रेल्वेने एका रात्रीत गाठता येणारे हैदराबाद! देशाच्या संरक्षणाचा विचार करताना दक्षिणेच्या माणसालाही राजधानी आपली वाटली पाहिजे, हेही त्यांच्या मनात होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

नंतर काय झाले

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने हल्ला केला. जवान थंडीचे पुरेसे कपडे नसताना, पुरेसा दारूगोळा नसताना हिमालयात लढले आणि धारातीर्थी पडले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि त्यांच्या जागी महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण गेले. पराभवाची चौकशी झाली, पण तो हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने आजवर पूर्ण प्रसिद्ध केलेला नाही. शिपायाने प्राण देऊन आपला हिशोब चुकता केला. वरच्यांचा हिशोब मात्र कपाटात राहिला. आठ वर्षे आधी ज्याने धोक्याची घंटा वाजवली होती, त्याचे म्हणणे तेव्हा किती जणांनी मनावर घेतले?

महार बटालियनची पुढे महार रेजिमेंट झाली. तिचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. नाव महार असले तरी तिच्यात देशभरच्या सर्व जातीधर्मांचे जवान आहेत. जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच रेजिमेंटचे. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडून परमवीरचक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे. ज्या नावाला एकेकाळी भरतीच्या दारातून परत पाठवले, ते नाव आज कुठल्याही जातीचा, कुठल्याही प्रांताचा जवान अभिमानाने खांद्यावर लावतो. जात मोडण्याची ही एक वाट बाबासाहेबांनी बेळगावला घालून दिली.

आपण काय करायचे

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्तीतली पोरे पहाटे पळायला जातात, भरतीची तयारी करतात. जूने २०२२ पासून अग्निपथ योजनेत चार वर्षांची भरती होते आणि त्यातल्या जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होतो. योजना चांगली की वाईट, यावर घरोघरी वेगवेगळी मते असतील. पण रामजी सुभेदारांच्या मुलाचे अनुयायी म्हणून आपण काही प्रश्न विचारायलाच हवेत. चार वर्षांनी घरी येणाऱ्या पोराच्या हाताला काम काय? सीमेवर जाणाऱ्यांत बड्यांची मुले किती? संरक्षणावर होणाऱ्या खर्चाचा हिशोब आपला खासदार सभागृहात मागतो का? मत मागायला आला तेव्हा आपण त्याला हे विचारतो का?

पोरगा फौजेत जाणार असेल तर अवश्य जावा, पण शिकून जावा. पलटणीतून अक्षर घेऊन आलेल्या घराण्यातच बाबासाहेब घडले, ते विसरू नये. आणि ज्याच्या घरचा कोणी फौजेत नाही, त्यानेही संरक्षण हा आपला विषय नाही असे समजू नये. कर आपण भरतो, मत आपण देतो. प्रश्न विचारणे ही देशद्रोहाची गोष्ट नव्हे. देशावर प्रेम करणारा माणूसच देशाचा हिशोब ठेवतो. सुभेदाराच्या मुलाने तो आयुष्यभर ठेवला, इंग्रजांच्या दरबारात आणि स्वतःच्या सरकारातही. आता ती वही आपल्या हातात आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.